आत्यानं पास केलेला खेळ

आत्याला कमी ऐकू येतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण किती कमी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याला कारण आत्या स्वतःच. तिची सगळी उमेदीची वर्षं टॉवेल विणायच्या कारखान्यात गेली. तिथे मागांचा खडखडाट असा, की शेजारीण कानाशी तोंड नेऊन ओरडली तरी कानाला वारा लागण्यापलीकडे काही कळायचं नाही. म्हणून तिथल्या बायका ओठांवरून बोलणं वाचायला शिकायच्या. आत्या त्यात पटाईत होती. खात्याच्या त्या टोकाला मुकादम मालकाच्या कानाला लागून काय सांगतोय, ते ती या टोकाला उभी राहून बायकांना ऐकवायची, आणि मुकादम बिचारा आपलं गुपित फुटतं कसं म्हणून डोकं खाजवत बसायचा. नोकरी संपली तेव्हा कान कारखान्यातच राहिले आणि डोळे तेवढे घरी आले.

तिच्या धाकट्या भावानं मोठ्या हौसेनं तिला कानात घालायचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते लावलं की ताटात चमचा पडला तरी लोखंडी पहार पडल्यासारखं वाटायचं आणि मध्येच कानात शीळ वाजायची. आत्यानं ते सुया-बटणांच्या खणात टाकलं. भाऊ येणार असला की काढून कानात बसवायची, पण बंदच ठेवून. त्याच्या ओठांकडे बघून बरोबर उत्तरं द्यायची. भाऊ खूश, आत्याही खूश.

कारखान्यात शेवटची काही वर्षं ती तपासणीला होती. विणून आलेलं कापड उजेडासमोर धरायचं, चूक दिसली की खडूनं खूण करायची. आत्यानं पास केलेला माल परत आला असं कधी झालं नाही, अशी तिची ख्याती. म्हणून घरातही काही ठरवायचं झालं की आत्यापुढे आणून ठेवायची रीत पडली होती. पडद्याचं कापड असो, नाहीतर भाड्याचं घर.

भाऊ फर्निचरच्या दुकानात होता. लोकांनी घेतलेली कपाटं नि पलंग त्यांच्या घरी नेऊन जोडून द्यायचं त्याचं काम, त्यामुळे घरी कधी येईल त्याचा नेम नसे. भावजय रक्त तपासायच्या लॅबमध्ये. दोघंही दिवसभर बाहेर, म्हणून त्यांनी जुनी वस्ती सोडून आत्याच्याच इमारतीत, तिच्या वरच्या मजल्यावर घर घेतलं. त्यांची एकुलती एक मुलगी सकाळची शाळा आटोपून दुपारी आत्याकडे यायला लागली. तिला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी ठरत नसे, म्हणून पडलेलं नाव. पण घर बदललं, शाळा बदलली, मैत्रिणी सुटल्या, आणि भिंगरी फिरायची थांबली. दप्तर टेकवायची, दूध-बिस्किटं खायची आणि खिडकीतून खालचं पार्किंग बघत बसायची. नव्या वर्गात कुणाशी बोलतेस का असं विचारलं की म्हणायची, "बोलते की." म्हणजे नाही, हे आत्याला ओठ न बघताही कळायचं.

अशात तिनं तो खेळ मागितला. मोबाइलवरचा. विमानातून एका ओसाड बेटावर उडी मारायची, पडक्या घरांतून बंदुका शोधायच्या आणि दुसऱ्यांना टिपत टिपत शेवटपर्यंत जिवंत राहायचं. वर्गातले सगळे खेळतात, असं तिचं म्हणणं. खेळाच्या नावाखाली लिहिलेलं होतं, बारा वर्षांपुढील मुलांसाठी. भिंगरीला अकरावं लागून बरेच महिने झाले होते.

यावरून नवरा-बायकोची चांगलीच जुंपली. भाऊ म्हणाला, आपणही लहानपणी काठीची बंदूक करून गल्लीभर लोकांना मारलंच की, म्हणून काय आपण दरोडेखोर झालो? भावजयीचं म्हणणं, काठीतून रक्त उडत नव्हतं. त्यावर भाऊ हसत सुटला, की दिवसभर लोकांच्या दंडातून रक्त काढणाऱ्या बाईनं रक्ताला घाबरावं म्हणजे कमाल झाली. तिला ते मुळीच हसण्यासारखं वाटलं नाही. तिनं मोबाइलवर वाचून पाहिलं, तर एक तज्ज्ञ म्हणे अशा खेळांनी मुलं रागीट होतात, दुसरा म्हणे चपळ होतात, तिसरा म्हणे आईवडिलांनीच काय ते ठरवावं. शेवटी तिनं हात टेकले.

"ताई, दुपारभर ती तुमच्यापाशी असते," ती आत्याला म्हणाली. "तुम्हीच खेळून बघा. चालेल की नाही, तुम्ही सांगाल तसं."

आत्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं, की बाई गं, मला दिसेल तेवढंच मी सांगू शकेन. पण कापड तपासताना कधी कानांची गरज पडली नव्हती. आणि इतक्या दिवसांनी कुणीतरी काहीतरी तपासायला दिलं होतं. ती हो म्हणाली.

मग तिनं तो खेळ खेळून पाहिला, आणि मन लावून पाहिला. जाड चष्मा लावून, मोबाइल भिंतीला टेकवून, भिंगरीला शेजारी घेऊन. आत्याचा शिपाई विमानातून उडी मारायचा, हमखास पाण्याच्या टाकीवर पडायचा आणि टाकीमागे लपायला जागा आहे असं वाटेवाटेपर्यंत मरायचा. एकदा तर तिनं चुकून स्वतःच्याच पायाशी बॉम्ब टाकला. भिंगरी हसून हसून सोफ्यावरून खाली घसरली. घर बदलल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती. खरं तर खेळ पास झाला तो तिथेच, पण आत्या स्वतःशीही तसं कबूल करणारी नव्हती. तिनं रीतसर सगळं बघितलं. मेलेला माणूस तडफडतो का? नाही, धूर होऊन नाहीसा होतो. शरण आलेल्याला मारता येतं का? शरण यायची सोयच नाही. लहान मुलं, जनावरं आहेत का? नाहीत. रक्ताचा रंग हिरवा करता येतो, हे भिंगरीनंच दाखवलं. मग आत्यानं भिंगरीलाही तपासलं. हरली की आदळआपट करते का, हाक मारली की मोबाइल खाली ठेवते का, जेवण नीट जातं का. सगळं ठीक.

सुट्टीच्या दिवशी वर चहाला बसलेले असताना तिनं निकाल दिला. चालेल, पण अभ्यास आधी. खेळायचं ते तिच्यासमोर बसूनच, आणि गॅलरीतलं ऊन गेलं की मोबाइल टेबलावर. भावजयीच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला तिला स्पष्ट दिसला.

तिनं जो खेळ तपासला, तो एकट्यानं खेळायचा, सरावाचा होता. खरा खेळ चौघांच्या टोळीनं खेळायचा असतो आणि चौघं एकमेकांशी सतत बोलत असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. भिंगरीला ते सांगण्यासारखं वाटलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी आत्याला त्यात फरक काय पडला असता?

दुपारी आता बऱ्या जायला लागल्या. भिंगरी कानात वायर घालून सोफ्याच्या कोपऱ्यात बसायची, आत्या समोर भाजी निवडत किंवा उसवलेलं शिवत. पोरीचे केस तोंडावर यायचे, त्यामुळे ती काय बोलते ते पुरतं दिसायचं नाही. दिसायचं तेवढं साधंच असायचं. "आले." "थांबा." "सॉरी." सॉरी तर उठताबसता. भावजयीनं मध्ये एकदा विचारलं, कसं चाललंय, तर आत्या कौतुकानं म्हणाली, "अगं, खेळतानासुद्धा सॉरी म्हणते. शाळेत शिकवत नसतील एवढी शिस्त आहे बघ."

अधूनमधून खेळता खेळता भिंगरी मान वर करून आत्याकडे बघायची. बघतच राहायची. आत्या हसून मान डोलवायची, की खेळ, मी आहे. मग भिंगरी पुन्हा खाली बघायची.

पुढे एके दिवशी शाळेतून बोलावणं आलं. भावजय लॅबमधून तशीच धावत गेली. वर्गशिक्षिकेनं तिला आधी बसवलं, पाणी दिलं, आणि मग सांगितलं. खेळाच्या तासाला हातातली काठी पुढच्या मुलीला देत पळायच्या शर्यती होत्या, चारचार मुलींचे गट. भिंगरीच्या गटात एक बोलताना अडखळणारी, जरा जडशी मुलगी होती. तिच्या हातून काठी पडली आणि गट हरला. भिंगरी तिच्याजवळ गेली. ओरडली नाही, ढकललं नाही. शांतपणे म्हणाली, "तू मर ना एकदाची. तुझ्या घरच्यांनी तुला अजून ठेवलीय कशाला?" त्या दिवसापासून ती मुलगी शाळेत आलेली नव्हती. तिची आई येऊन शिक्षिकेसमोर रडून गेली होती.

"घरात कुणी असं बोलतं का?" शिक्षिकेनं विचारलं.

भावजयीनं नाही म्हणून मान हलवली. घरात मोठ्यानं बोलायला तरी कुणाला फुरसत होती? उरला तो दुपारचा खेळ.

भाऊ एका गिऱ्हाइकाकडे कपाट अर्धवट जोडून ठेवून आला. दोघं आत्याच्या दारात उभे राहिले तेव्हा भिंगरी त्यांच्या मागे होती, शाळेच्या कपड्यात, नजर जमिनीवर. आत्यानं घाईघाईनं खणातलं यंत्र काढून कानात कोंबलं. भावाचे ओठ रागानं भराभर हलत होते. तिला अर्धंमुर्धंच कळलं. पण एक वाक्य पुरतं कळलं.

"ताई, तू म्हणाली होतीस ना चालेल म्हणून?"

आत्या चिडली. तिनं पास केलेल्या मालाकडे कुणी असं बोट दाखवलं नव्हतं. तिनं मोबाइल त्याच्या हातात दिला. म्हणाली, दाखव मला, यात कुठे कोण कुणाला असं म्हणतं. हिरवं रक्त आहे, धूर आहे, बाकी झाडं नि दगड. भिंगरीला बसवलं, खेळ सुरू करायला लावला. भिंगरीनं नको नको म्हटलं, पण बापाच्या चेहऱ्याकडे बघून सुरू केला. भावानं तिच्या कानातली वायर उपटून काढली, तशी मोबाइलमधला आवाज खोलीत मोकळा झाला.

आत्या पडद्याकडे बघत होती. विमान, उडी, बेट. सगळं रोजच्यासारखं. मग तिचं लक्ष भावाकडे गेलं. त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. भावजय भिंत धरून हळूहळू खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. मोबाइलमधून काय येत होतं ते आत्याला त्या दोघांच्या चेहऱ्यांवरून जेवढं कळलं तेवढंच. तिनं कानातल्या यंत्राचं बटण चाचपडून सुरू केलं. नुसती शीळ वाजली आणि मागे कसलातरी खरखराट, मागावर धागा तुटल्यासारखा.

"काय म्हणताहेत?" तिनं विचारलं.

भावानं मोबाइल बंद केला.

"अरे, काय म्हणताहेत सांग ना मला."

तो वळून गॅलरीत गेला आणि तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. पाठीला ओठ नसतात.

सांगितलं ते भिंगरीनंच. आईबाप वर गेले, तिला थोडा वेळ इथेच राहू दे म्हणाले. त्यांना आपसात बोलायचं होतं, किंवा रडायचं होतं. भिंगरी आत्याच्या समोर येऊन बसली. तिनं स्वतःच केस कानामागे सारले, तोंड उजेडाकडे केलं, आणि एकेक शब्द वेगळा करून बोलायला लागली. टोळीत तिच्याशिवाय तिघं होते. कुठले ते तिला माहीत नव्हतं, मोठे होते, दाढी करतो असं एकजण म्हणाला होता. आधी चांगले वागायचे. मग तिचा आवाज मुलीचा आहे, लहान मुलीचा आहे, हे कळलं. ती चुकली की ते बोलायचे. काय बोलायचे ते तिनं सांगितलं. आत्यानं आयुष्यात मुकादमांच्या तोंडी शिव्या कमी वाचल्या नव्हत्या. पण त्या घामाघूम बाप्यांच्या तोंडच्या होत्या. त्याच आता शाळेचा बिल्ला लावलेल्या पोरीच्या ओठांवर आकार घेताना तिला बघाव्या लागल्या, आणि नजर काढली तर ऐकू येणार नव्हतं. म्हणून तिनं नजर काढली नाही.

"मग सोडून का नाही दिलंस?"

"त्यातला एक कधीकधी शाब्बास म्हणतो," भिंगरी म्हणाली. "आणि रोज बोलवतात ना. शाळेत कुणी बोलवत नाही."

त्या अडखळणाऱ्या मुलीला काय बोलली, ते तिला स्वतःलाही नीट आठवत नव्हतं. तोंडातून आलं, म्हणाली. तिला वाटलं, चुकल्यावर असंच बोलतात.

मग ती बिल्ल्याच्या टाचणीशी चाळा करत बसली. आत्याला वाटलं, संपलं. पण भिंगरीनं पुन्हा तोंड उजेडाकडे केलं.

"आत्या, तुला खरंच ऐकू येत नव्हतं?"

आत्यानं मान हलवली.

"मी कधीकधी मुद्दाम वायर काढून ठेवायचे. तुला ऐकू जावं म्हणून. मला वाटलं, तू ऐकतेस आणि तरी हसतेस. म्हणजे चालत असेल."

आत्यानं तिला जवळ ओढलं. आता पोरगी आणखी काही बोलली असली तरी आत्याच्या खांद्यात तोंड असल्यामुळे तिला ते कळायची सोय नव्हती. छातीला तिच्या बोलण्याची थरथर तेवढी लागत राहिली.

त्यानंतर करता येण्यासारखं जे होतं ते सगळ्यांनी केलं. भावानं खेळ काढून टाकला. त्या तिघांची तक्रार खेळातच कुठेतरी करता येते, तशी केली. आपोआप आभाराचं उत्तर आलं आणि पुढे काही नाही. त्यांची नावं खोटी, चित्रं खोटी. भाऊ कपाटाच्या फळ्या खांद्यावर घेऊन अनोळखी घरांत शिरायचा तेव्हा कॉलेजातली पोरं दिसली की त्यांचे आवाज कान देऊन ऐकायचा. ऐकून काय करणार होता ते त्यालाही माहीत नव्हतं. भावजय भिंगरीला घेऊन त्या मुलीच्या घरी माफी मागायला गेली. मुलीच्या आईनं दार उघडलं, ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाली. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. पुढे ती दुसऱ्या तुकडीत गेली असं कळलं. अडखळणं वाढलं असंही कळलं. ते खरं की शाळेतली कुजबुज, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

आत्याला कुणी शब्दानं दुखावलं नाही. भावजय तर उलट म्हणाली, तुमच्यावर टाकून आम्ही मोकळे झालो, चूक आमची. आत्यानं यंत्र दुकानात नेऊन दुरुस्त करून घेतलं आणि सकाळपासून कानात घालायला लागली. डोकं भणभणायचं, तरी काढायची नाही. आता तिला चमचे ऐकू यायचे, कुकर ऐकू यायचा, खालच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. फक्त दुपारी घरात ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अशाच एका दुपारी वरच्या कोपऱ्यातल्या घरातला टॅक्सीवाला खाली आला. त्याच्या मुलानं तोच खेळ मागितला होता. इमारतीत आत्या असलं बघून देतात, असं त्याच्या कानावर आलं होतं, पुढचं आलं नव्हतं. दारातच उभं राहून त्यानं विचारलं, चालेल की नाही तेवढं सांगा, गाडी रस्त्यात लावून आलोय.

आत्या म्हणाली, "बंदुका बघू नका. आधी तुमचं पोर बघा, त्याला तिथे कशाला जायचंय ते बघा. मग त्याच्याशेजारी बसा. वायर काढून, चौघांचा खेळ लावून, कोण बोलतंय आणि काय बोलतंय ते स्वतःच्या कानांनी ऐका. एकदा नाही, रोज."

टॅक्सीवाल्यानं घड्याळात बघितलं. रोज त्याला गाडीवर असायचं होतं. तो अजिजीनं म्हणाला, "हो, पण चालेल की नाही?"

"मला नाही सांगता येत, भाऊ."

तो जरा नाराजच होऊन गेला. जिन्यात त्याच्या चपलांचा आवाज आत्याला बराच वेळ ऐकू आला. त्यानं काय ठरवलं, ते तिला कधी कळलं नाही.

भिंगरी खिडकीपाशी होती. तिनं हे सगळं ऐकलं होतं. ती उठून आत्याजवळ आली. यंत्र आहे हे विसरून तिनं नेहमीसारखं तोंड उजेडाकडे केलं आणि हळू, सुटं सुटं बोलली.

"आत्या, मला परत दे ना तो खेळ. बाबांना नको सांगू."

"त्यांच्यात जायचंय तुला? परत?"

"ते बोलतील तर बोलू देत," भिंगरी म्हणाली. "मला सवय झालीय."

नाही म्हणणं तर सोपं होतं, आणि ते तिनं म्हटलंही. पण मग त्याच्याऐवजी काय, याचं उत्तर ना तिच्याकडे होतं, ना वरच्या मजल्यावर होतं. तिनं पत्ते खेळूया का विचारलं. भिंगरी नको म्हणाली. खाली जाऊन चक्कर मारूया का विचारलं. तेही नको. मग भिंगरी पुन्हा खिडकीत जाऊन बसली, आणि आत्या आपली खुर्ची उचलून तिच्याशेजारी नेऊन बसली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होत नव्हती. दोघी बघत राहिल्या.